बेस आणि ट्रबल

आयुष्यभरात आमच्या घरात आवाज काढणारी जेवढी खोकी येऊन गेली, तेवढे पाहुणेसुद्धा आले नसतील. आणि पाहुणे निदान चहा पिऊन जातात, खोकी जात नाहीत. उमरग्याच्या ह्या घरात आज होम थिएटर आहे. त्याच्या एका स्पीकरची वायर पुरली नाही म्हणून तो देव्हाऱ्यात बसवलाय, त्यामुळं टीव्हीवर मारामारी लागली की निम्म्या गोळ्या बाळकृष्णाच्या मागून सुटतात. कपाटावर ह्यांचा एक परदेशी अँप्लिफायर आहे, तो धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला असतो. त्याला दसऱ्याला हळदकुंकू लागतं आणि एरवी कुणी हात लावायचा नाही. शिवाय सुनेनं दिलेला ब्लूटूथचा डबा आहे, तो चालू केला की इंग्रजीत खेकसतो. मी त्याला घाबरते, पण तसं दाखवत नाही. मागं थोरला सुट्टीला आला तेव्हा ही सगळी जत्रा बघून म्हणाला, “आई, खरं सांग, इतक्या वर्षांत ह्यातली कुठली खरेदी सार्थकी लागली?” हे लगेच अँप्लिफायरकडं बघायला लागले. मी म्हटलं, “आम्ही घेतलीच नव्हती ती.” ह्यांना तेवढ्यात कळलं आणि हे हसायला लागले. पोराला काही कळलं नाही, म्हणून मी हे सगळं लिहायला बसले.

माझं माहेर ईट गावाच्या अलीकडं, वाडीवर. घरामागं रान, रानात मेंढरं, आणि मेंढरांमागं आमचे आबा. आमच्याकडं एक एडका होता, तो दिसेल त्याला ढुशी द्यायचा. आईला, मला, पोस्टमनला, एकदा तर आबांच्या सख्ख्या बहिणीला, म्हणजे आमच्या आत्याला त्यानं शेणाच्या ढिगात बसवलं होतं. आत्यानं त्या दिवशी असा काही गहजब केला की आबांनी एडका बार्शीच्या बाजारात नेऊन विकला आणि संध्याकाळी एडक्याच्या जागी खांद्यावरून डेक घेऊन आले. आईनं कपाळावर हात मारून घेतला. “आवो, एक ढुशी मारणारं गेलं तर हे काय आणलं?” आबा म्हणाले, “हे गातंय.” डेक म्हणजे तो मधे कॅसेटचा आणि दोन्ही बाजूंना सुटे होणारे स्पीकर असणारा, चालायला वीज नसेल तर सेल लागणारा. आमच्या घरात त्याच्याआधी गाणारं असं कुणीच नव्हतं, आई जात्यावरसुद्धा गप्प दळायची.

डेकला तीन बटणं होती, त्यांच्याखाली इंग्रजी अक्षरं. ती वाचायला आत्याच्या बबनला बोलावलं. बबन हा आत्याचा एकुलता एक, आणि मी त्याच्या मामाची पोरगी, त्यामुळं मी पाळण्यात होते तेव्हापासून आत्यानं मला सून धरलेलं. बबनला माझ्याशी लग्न करायचं नव्हतं आणि मला बबनशी, पण आम्हाला विचारतंय कोण? लहानपणी त्याचा शेंबूड पुसायला माझाच परकर असायचा. असल्या माणसाला नवरा म्हणून पुढं बसवलं तर हसू आवरणार कसं, एवढीच माझी तक्रार होती. इंग्रजीत नापास होण्यात बबनचा हात धरणारं आजूबाजूच्या गावांत कुणी नव्हतं, तरी आमच्या घरात तोच इंग्रजीचा जाणकार. त्यानं पहिलं बटण वाचलं, “व्हॉल्यूम.” ते सगळ्यांनाच माहीत होतं. दुसरं वाचलं, “बेस.” आबा खूश झाले. दुकानदारपण म्हणाला होता म्हणे, ह्याचा बेस लई भारी आहे. तिसऱ्यावर बबन बराच वेळ अडला, ओठ हलवत राहिला आणि मग म्हणाला, “ट्रबल.”

आता आमच्या भागात बेस म्हणजे छान, झकास. भाकरी बेस झाली, पाऊस बेस झाला, पोरगी दिसायला बेस आहे. आणि ट्रबल म्हणजे काय हे इंजिनवाल्या मिस्त्रीमुळं सगळ्यांना ठाऊक होतं. तो विहिरीवर आला की आधी डोकं खाजवून म्हणायचा, मोटरीत ट्रबल हाय. आबांनी क्षणाचाही विचार केला नाही. बेसचं बटण शेवटपर्यंत पिळलं, ट्रबलचं शून्यावर नेलं आणि बबनला म्हणाले, “कंपनीवाले बी येडेच दिसतेत. ट्रबलला बटण कशाला ठिवलं? कोण वाढवून घेणार हाय?” बबन म्हणाला, “मामा, शेहरात लोकान्ला हौस असते.” त्या दिवसापासून ती दोन बटणं तशीच राहिली. आई डेक पुसायची तेव्हासुद्धा ट्रबलच्या बटणाला फडकं लावायची नाही, चुकून फिरलं तर काय घ्या.

त्यामुळं आमच्या घरातलं सगळं संगीत कणगीत तोंड घालून गायल्यासारखं यायचं. ढुम् ढुम् ढुम्, आणि मधून मधून कुणीतरी आतल्या खोलीत रागावलंय असं वाटायचं. शब्द कळायचे नाहीत. आत्यानं दिलेली भजनाची एक कॅसेट होती, ती आम्ही रोज सकाळी लावायचो आणि रोज भिंतीवरच्या कोनाड्यातला डबा थरथरत पुढं सरकायचा. भजन संपेपर्यंत तो कडेला यायचा, मग आई तो ढकलून मागं सारायची. आम्हाला वाटायचं गाणं असंच असतं. आबा डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, “बेस हाय.” मला मात्र आतून फार वाटायचं की हे शब्द ऐकू यावेत. मी स्पीकरच्या जाळीला कान लावून बसायची. कानात नुसतं गरगरायचं आणि आई म्हणायची, “कान फुटला म्हंजी कोण करणार हाय तुला? बबन बी करणार न्हाय.” त्यावर मी आणखी जवळ सरकायची.

एकदा आबांना सोयऱ्याच्या लग्नाला जायचं होतं आणि मेंढरं माघारी आणणार कोण हा प्रश्न पडला. आमची मेंढरं फक्त आबांच्या हाकेला यायची. बबननं घसा फाडला तरी मान वर करायची नाहीत. आबांची हाक वेगळीच होती. आधी जिभेची एक लांब र्रर्रर्र, मग एक बारीक शीळ, आणि मग साऱ्या शिवाराला ऐकू जाईल असं, “चला गं माझ्या बायांनोऽऽ, चला घरीऽऽ!” मेंढ्यांना ते बायाच म्हणायचे. बबनच्या डोक्यात आलं की हाक डेकमध्ये भरून ठेवावी. रिकामी कॅसेट नव्हती, म्हणून भजनाच्या कॅसेटच्या कडेचं भोक कागदाच्या बोळ्यानं बुजवलं आणि भजन संपल्यावर जी थोडी पट्टी शिल्लक होती तिच्यावर आबांची हाक भरली. आबा डेकसमोर हात जोडून उभे राहून ओरडले. मग लग्नाच्या दिवशी बबन खांद्यावर डेक घेऊन रानात गेला आणि कॅसेट लावली. डेकमधून आलं, हूम हूम हूम. मेंढरांनी एकदा बघितलं आणि पुन्हा चरायला लागली. अंधार पडायच्या आत एकेक उचलून आणता आणता आम्हा सगळ्यांच्या नाकी नऊ आले, आणि आबांची हाक भजनाच्या शेपटीला तशीच राहून गेली.

त्यानंतर उमरग्याचं स्थळ आलं. मुलाचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान आहे, असं मध्यस्थ म्हणाला. “दुकानात एका वख्ताला चार-चार टेप चालू असतेत, येगयेगळी गाणी. डोकं उठतंय आपलं.” मी चुलीपाशी होते, तिथंच माझं ठरलं. मुलगा मी बघितला नव्हता, पण दुकान ऐकलं होतं. त्या रात्री मी आईला म्हटलं, मला तिथंच द्या. आई म्हणाली, “आगं, आधी त्यान्ला तर तू पसंत पडू दी.” आत्याला मात्र ते स्थळ डोळ्यांत खुपायला लागलं. आबांनी बहिणीला शब्द दिला होता की हे नाही जमलं तर तुळशीच्या लग्नानंतर लगेच बबनचा बार उडवून टाकू. म्हणजे उमरगा नाहीतर बबन. मधे तिसरं काही नव्हतं, आणि मी देवापुढं बसले की उमरग्याचंच नाव घ्यायची. बबनपण हनुमानाला नारळ बोलला होता, हे मला फार नंतर कळलं.

बघायला आले त्या दिवशी बबनला मुद्दाम मेंढरांमागं घराजवळच्या कापलेल्या रानात धाडलं होतं, समोर नको म्हणून. ओसरीवर सतरंजी, एका बाजूला बाज, कोपऱ्यात स्टुलावर डेक, त्याच्यावर आईनं भरलेला मोरांचा रुमाल. आत्यानं हुकूम सोडला की भजन लावा, घर देवाधर्माचं दिसू द्या. ढुम् ढुम् सुरू झालं. ह्यांच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, बाजेवर बसल्या होत्या, शेजारी सासरे. सासूबाईंचं माहेर कानडी मुलखातलं. त्या बोलायच्या मराठीत, पण दचकल्या की कानडीत दचकायच्या. मी पाटावर बसले, मान खाली. नाव विचारलं, ते सांगितलं. भाकरी येते का, येते. पुरणाची पोळी? येते. हे सगळं चाललं होतं आणि मुलगा माझ्याकडं बघतच नव्हता! मी पापण्यांच्या आडून बघितलं, तर त्याची नजर सारखी डेककडं. पायाचा अंगठा हलतोय, कपाळाला आठी, दात दुखणाऱ्या माणसासारखं तोंड. पोह्यांची ताटली तशीच हातात.

शेवटी त्याला राहवलं नाही. तो आबांना म्हणाला, “बेस लई झालाय हो.”

आबांची कळी खुलली. “व्हय का? घ्या की मग आनखी. पोरीनंच केल्यात पोहे.”

“न्हाय, म्हंजी, जास्त झालाय. बेस कमी करा.”

आबा गोंधळले. त्यांना वाटलं पाहुणा संकोचतोय. ते म्हणाले, “आवो, बेस कशाला कमी करायचं? आमी गरीब असू, पर पावण्याला बेसच करतो.”

“तसं न्हाय. बेस कमी करा आन् ट्रबल वाढवा,” हे म्हणाले. ट्रेबलचा ह्यांचा उच्चारही आमच्या बबनपेक्षा फार पुढं गेलेला नव्हता. “ट्रबल असल्याबिगर मजा न्हाय. आमच्या घरात ट्रबल कायम फुल असतो.”

नुसतं डेकचं ढुम् ढुम् आणि कोनाड्यातला डबा सरकल्याचा आवाज. आत्या दाराआडून बाहेरच आली. “ऐकलं का दादा? ट्रबल असल्याबिगर मजा न्हाय म्हणतेत! आन् पोरीला तिथं धाडणार हाव तुमी. माझा बबन बघा, कुनाच्या आध्यात न्हाय, मध्यात न्हाय.” आबांचा चेहरा पडला. त्यांनी टोपी सारखी केली, हात जोडले आणि म्हणाले, “पावनं, च्या घ्या. आमची एकुलती एक पोर हाय. आमाला… आमाला बेसच पाहिजे.”

म्हणजे संपलंच. चहा प्यायचा, उठायचं, आणि तुळशीच्या लग्नानंतर बबन! ह्यांना काय चुकलं ते कळेना. हे बिचारे ताटलीकडं, आबांकडं, परत ताटलीकडं बघायला लागले. बघण्याच्या कार्यक्रमात पाटावरची पोरगी विचारल्याशिवाय बोलत नाही. पण मी त्या अंगठ्याकडं बघितलं होतं, मला माहीत होतं हे कशाविषयी बोलतायत. मी मान वर केली आणि म्हटलं, “आबा, ते डेकचं बोलायलेत.”

“बगा, पोरगी मधीच बोलायली,” आत्या म्हणाली.

“डेकचंच!” हे म्हणाले, आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. असं बघितलं की मी मान खाली घालायची विसरले. मग हे उठले, स्टुलापाशी गेले, मोरांचा रुमाल बाजूला केला आणि दोन्ही बटणांवर एकदम हात ठेवले. आई आतून ओरडली, “ट्रबलला हात लावू नगा!” पण तोवर बटण फिरलं होतं.

काय सांगू! त्या भजनात टाळ आहेत, हे आमच्या घराला त्या दिवशी कळलं. टाळ, चिपळ्या, मागं कोरस, आणि इतकी वर्षं आम्ही ज्याला बुवा समजत होतो ती बाई निघाली. एकेक शब्द सुटा सुटा, धुतलेल्या तांदळासारखा. आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि चौकटीला धरून उभीच राहिली. आबांनी तोंड उघडलं ते मिटेना. मला तर रडूच आलं. सासूबाईंना वाटलं पोरगी भाविक आहे, आणि ते त्यांना आवडलं. तेवढ्यात भजन संपलं. कोणी बंद करायला उठलं नाही, सगळे तसेच बसून राहिले. डेकमधून थोडी खरखर आली. आणि मग लांबलचक र्रर्रर्र, बारीक शीळ, आणि ओसरी दणाणून, “चला गं माझ्या बायांनोऽऽ, चला घरीऽऽ!”

सासूबाई ताडकन उठल्या. “आँ? पोरगी धड बघून झाली न्हाय, तवर आमाला घरी जा म्हणतेत? आन् तेबी डेकवर!” त्यांनी पिशवी काखेत मारली. “उठा हो,” सासऱ्यांना म्हणाल्या. सासरे आज्ञाधारक, तेही उठले. आबा “आवो, तुमी न्हाय, तुमी न्हाय” म्हणत पुढं धावले, आणि तेवढ्यात रानाच्या बाजूनं जमीन धडधडली. ट्रबल वाढवल्यावर आबांची हाक खरोखर आबांची झाली होती, आणि मेंढरांनी ती ओळखली होती.

पुढचं मला एकसंध आठवत नाही. अंगणात मेंढरं, ओसरीवर मेंढरं, सतरंजीवर मेंढरं, आणि जी मागं होती ती पुढच्यांना ढकलतायत, कारण डेक कोपऱ्यातून अजून “चला घरीऽऽ” म्हणतोय. पोहे गेले. हाराचा झेंडू गेला. मोरांच्या रुमालाचा एक मोर गेला. सासूबाई बाजेवर चढून उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात वर करून “साकु! साकु! अय्यय्यो, साकु!” म्हणून ओरडायला लागल्या. साकु म्हणजे पुरे, हे मी नंतर शिकले. आत्याला एका मेंढीनं बरोबर त्या जुन्या एडक्यासारखं उचललं आणि पोह्यांच्या परातीत बसवलं. सगळ्यांच्या मागून बबन धापा टाकत आला आणि मला ओरडून म्हणाला, “सुमे, म्या काय केलं न्हाय, ह्येच पळाली!” ह्या सगळ्या गोंधळात ह्यांनी एक काम केलं. डेक डोक्यावर उचलून धरला, मेंढरांचा पाय लागू नये म्हणून. ते बघून माझं उरलंसुरलंही ठरलं.

आणि आबा? आबा मेंढरं हाकत नव्हते. ते मेंढरांत कंबरभर उभे होते आणि ह्यांच्या डोक्यावरच्या डेककडं वर बघत होते. “ह्यो… ह्यो माजा आवाज व्हय?” ते म्हणाले. “तुमचाच की,” हे डेकखालून म्हणाले. “सवताचा आवाज ऐकलाच नव्हता कदी,” आबा म्हणाले. “लई बेस हाय की रं.” आणि मग त्यांना काहीतरी उमगलं, त्यांनी ट्रबलच्या बटणाकडं बोट केलं आणि गंभीरपणे म्हणाले, “थोडा लागतोय म्हंजी. थोडा ट्रबल लागतोयच.”

सासूबाई बाजेवरून हे सगळं बघत होत्या. त्यांनी एकदा खालच्या मेंढरांकडं बघितलं, एकदा आपल्या काखेतल्या पिशवीकडं, आणि त्या म्हणाल्या, “अगं बाई, म्हंजी बाया ह्या! तुमच्या मेंढरांच्या आधी मीच उठले की हो!” आणि त्या अशा हसायला लागल्या की बाजेची दोरी तुटली. त्या खाली बसल्या, मांडीवर एक कोकरू आलं, ते त्यांनी सोडलंच नाही. लग्नात आबांनी ते त्यांनाच दिलं.

माझ्या लग्नाचं आणखी काही सांगण्यासारखं नाही, सगळ्यांची होतात तसंच झालं. बबननं त्यात सगळ्यांपेक्षा जास्त नाचून घेतलं. फक्त निघताना आबा गाडीपाशी आले. खिशातून ती कॅसेट काढून माझ्या मुठीत दिली आणि म्हणाले, “डेक मला ऱ्हाऊ दी. तुज्या नवऱ्याकडं ढीगभर पडल्यात. करमलं न्हाय की लाव. मेंढरं येतेत, तू येणार न्हाईस व्हय?” मी ती लावायची आणि पहिल्या एस्टीला बसायची. सुरुवातीला इतक्या वेळा लावली की ह्यांनी कॅसेट लपवून ठेवली आणि मग स्वतःच वाईट वाटून परत आणून दिली.

मग सगळी खोकी येत गेली. कानात घालायचा वॉकमन आला, त्याच्या नादात मी एवढ्या भाकरी करपवल्या की सासूबाईंनी तो पिठाच्या डब्यात दडवला. सीडी आल्या, गेल्या. होम थिएटर आलं. सगळ्याचा आवाज चांगला आहे, मी नावं ठेवत नाही. आबा गेल्यानंतर बबननं एस्टीत मांडीवर घेऊन तो डेक उमरग्याला आणून दिला. वाडीवर आता मेंढरं नाहीत. ह्यांनी डेकचे पट्टे बदलले, खरं तर सगळं पोटच बदललं, पण ती दोन बटणं तीच ठेवली.

मुलानं विचारलं त्या दिवशी ह्यांनी माळ्यावरचा डेक खाली काढला. मी मेथी निवडत बसले होते. कॅसेट इतकी झिजलीय की भजनात आता पुन्हा बुवा गातात. ह्यांनी बेस कमी केला, ट्रबल शेवटपर्यंत नेला. भजन संपलं, खरखर आली, र्रर्रर्र आली, शीळ आली. “चला गं माझ्या बायांनोऽऽ, चला घरीऽऽ!”

मांडीवरची मेथी खाली सांडली तेव्हा मला कळलं, मी उठून दारापर्यंत गेले होते. कडीला हात होता. मुलगा म्हणाला, “आई, कुठं निघालीस?”

“आबा बोलवायलेत,” मी म्हटलं.

मुलगा घाबरून ह्यांच्याकडं बघायला लागला. ह्यांनी डेकवरून मान वर केली नाही. “चप्पल घालून जा,” एवढंच म्हणाले.